बत्तीस पिशव्या ज्वारी

पानं वाटायची असली की सुवर्णा आधी हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवते. मग चिनीमातीचा खल बर्फात काठापर्यंत बसवते, बत्ताही बर्फात खुपसते आणि वाट पाहते. खल पुरता गार झाल्याशिवाय ती पानाला हात लावत नाही. केंद्रातलं बर्फाचं मशीन बंद असलं तर बर्फ मासोळी बाजारातून येतो. त्याला वास असतो. एखादी नवी विद्यार्थिनी नाकाला ओढणी लावते, तेव्हा सुवर्णा म्हणते, "वास पानाले लागत नाही, गरमी लागते."

तेलंगणातल्या आदिलाबाद शहराच्या बाहेर, कापसाच्या जिनिंग गिरण्या संपल्या की शेती संशोधनाचं एक केंद्र आहे. तिथल्या प्रयोगशाळेत सुवर्णा मदतनीस आहे. वय चव्वेचाळीस. अंगानं बारीक, बोलणं कमी. तिचे वडील डोमाजी तलमडुगु मंडलातल्या, म्हणजे तिकडच्या तालुक्यातल्या, एका खेड्यात जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. गावातली मराठी शाळा सातवीला संपत होती, म्हणून सुवर्णाचं शिक्षणही सातवीला संपलं. मग कापूस वेचणं, ज्वारी कापणं, निंदण. लग्न होऊन ती शहरात आली. नवरा नागसेन मंडल ऑफिसात कारकून. त्याच्या पोथ्यांसारख्या जाड सरकारी रजिस्टरांकडे पाहून तिला वाटायचं, आपलं वाचणं अर्धवट राहिलं. एकोणतिसाव्या वर्षी तिनं बाहेरून दहावीची परीक्षा दिली. गणितात एकदा नापास झाली, पुन्हा बसली आणि पास झाली.

केंद्रात ती आली ती निंदणाच्या बाईच्या कामावर. एक दिवस काचेची भांडी धुणारी बाई आली नाही, तर साहेबांनी सुवर्णाला बोलावलं. तिनं धुतलेल्या नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि त्यांतल्या चार परत धुवायला घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून तिचं निंदणं सुटलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचायला शिकली, तराजूवर दाण्याएवढं वजन अचूक घ्यायला शिकली, साहेबांशी तेलुगूत बोलायला शिकली. नागसेन थट्टेनं म्हणायचा, "घरी मीठ अंदाजानं टाकते, तिथं मोजून."

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात प्रगती नावाची एक मुलगी पीएचडीच्या कामासाठी केंद्रात आली. बासरकडच्या शेतकरी घरातली, सत्तावीस वर्षांची, भराभर चालणारी. मराठी बोलणारी मॅडम आली म्हणून सुवर्णाला बरं वाटलं. पहिल्याच दिवशी प्रगतीनं तिला समोर बसवून आपलं काम सांगितलं. आजवर कुण्या साहेबानं तसं सांगितलं नव्हतं.

"ताई, पान ऊन घेतं, श्वास घेतं, तेव्हा त्याच्या आत थोडं विष तयार होतच असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतात त्याला. पाणी तुटलं की ते विष वाढतं. मग पान आतूनच जळायला लागतं."

"मंग झाड गप बसते का?"

"नाही. ते विष मोडणारे एन्झाइम झाडाकडेच असतात. पण तहान फार झाली की तेही कमी पडतात. झाडाला सिलिकॉन दिलं तर ते जास्त जोरानं काम करतात, असं पुष्कळ ठिकाणी दिसलंय. आपल्या ज्वारीत दिसतं का, ते पाहायचं."

"सिलिकॉन म्हंजे?"

"वाळूत असतं ते. काचेत असतं."

सुवर्णानं थोडा विचार केला. "रेती तं वावरात हायच. मंग वेगळी काऊन द्यायची?"

प्रगती हसली, पण तो प्रश्न तिला आवडला. "वाळूतलं झाडाला पिता येत नाही. विरघळलेलं लागतं. म्हणून पोटॅशियम सिलिकेटचं पाणी करून द्यायचं. आणि ज्यांना ते द्यायचं नाही, त्यांना तेवढंच पोटॅशियम दुसऱ्या खतातून द्यायचं. नाहीतर फरक कशानं पडला, हे कळणार नाही."

त्या संध्याकाळी सुवर्णानं हे सगळं डोमाजीला सांगितलं. म्हातारा आता लेकीकडेच राहतो. ऐकून तो म्हणाला, "चुलीतली राख आमीबी टाकत होतो वावरात. त्याच्यात काय नवं?"

"किती टाकत होते, बाबा?"

"दोन घमेले. कधी तीन."

"आन् न टाकलेला तुकडा बाजूले ठेवून पायला होता का कधी?"

डोमाजीनं आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"तेच नवं हाय," सुवर्णा म्हणाली आणि भाकरी उलटायला उठली.

प्रयोग छत्तीस पिशव्यांचा होता. काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या, प्रत्येकीत माती तोलून भरलेली, प्रत्येकीत ज्वारीचं एक ताट, म्हणजे एकच झाड. वर पारदर्शक छत आणि चारी बाजूंनी हिरवी जाळी. अर्ध्या पिशव्यांना सिलिकॉन, अर्ध्यांना नाही. मार्चमध्ये, कणीस बाहेर पडण्याआधी पोटऱ्या धरायच्या वेळी, दोन्हींतल्या अर्ध्या-अर्ध्या पिशव्यांचं पाणी तोडलं. दहाव्या दिवशी सगळ्यांची पानं कापून वाटायची आणि त्या रसात एन्झाइम किती जोरानं काम करतात ते मोजायचं, असं ठरलं. पिशवीत खोचलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर प्रत्येकीचा नंबर होता आणि कुठली पिशवी कुठं उभी आहे याचा नकाशा प्रगतीच्या वहीत होता.

सुवर्णा रोज सकाळी साडेसातला तिथं असायची. पिशव्या तोलायच्या, ज्यांना पाणी होतं त्यांना मापानं द्यायचं, आणि धूळ बसली असली तर ओल्या फडक्यानं पानं पुसायची. पानं पुसता पुसता तिच्या बोटांना काहीतरी कळायला लागलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी वावटळ आली. पाऊस नव्हता, नुसती धूळ आणि वारा. तिनं एका बाजूची जाळी चिरत नेली आणि पिशव्या एकीवर एक लोळल्या. प्रगती तेव्हा शहरात गेली होती आणि सुवर्णा प्रयोगशाळेत खिडक्या ओढत होती. शेतावरची माणसं धावली आणि मॅडमचं नुकसान नको म्हणून त्यांनी पिशव्या उचलून, हाताला येतील तशा ओळीत उभ्या करून ठेवल्या. चांगल्या मनानंच केलं त्यांनी. पण पट्ट्या उडून गेल्या होत्या आणि वहीतला नकाशा आता निरुपयोगी झाला होता.

प्रगती आली तेव्हा चार ताटं मोडलेली होती आणि बत्तीस उभी होती. तहानलेली कुठली आणि पाण्याची कुठली, हे वजनावरून कळत होतं. पण सिलिकॉन कुणाला मिळालंय, ते सांगायला काहीच उरलं नव्हतं. ती सिमेंटच्या पायरीवर बसली. चार महिन्यांचं काम होतं. रडली नाही, पण बराच वेळ चपलेचा पट्टा काढत-घालत राहिली.

सुवर्णा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. "मॅडम, एक सांगू का? मले वाटते, मी वळखू शकतो."

तिकडच्या बायका आपल्याविषयी बोलताना 'शकतो'च म्हणतात.

"कसं?"

"हातानं. ज्याईले तुमचं औषध देल्लं, त्याईचं पान करकरीत लागते. कडेनं अंगठा उलटा फिरवला तं गाईची जीभ असल्यावानी खरखर लागते. दुसरं पान मऊ हाय."

प्रगतीनं मान वर केली. सिलिकॉन पानाच्या कातडीत काचेच्या बारीक कणांसारखं बसतं, हे तिनं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. बोटानं पाहावं, हे मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. ती उठली आणि दोन पानांवरून अंगठा फिरवून पाहिला. तिला दोन्ही सारखीच लागली.

"मला नाही कळत, ताई."

"तुमी ज्वारी कापली नाही कधी," सुवर्णा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. सोळा वर्षं ज्वारीच्या पानांनी तिची मनगटं कापून निघाली होती, एवढंच.

मग तिनं एकेक ताट घेतलं. वरून तिसरं पान धरायचं, डोळे मिटायचे, टोकाकडून बुडाकडे अंगठा न्यायचा. काही ठिकाणी ती लगेच पुढे गेली, काही ठिकाणी परत परत फिरवत राहिली. तास-सव्वा तास लागला. एकोणतीस पिशव्यांविषयी तिचं मनाशी पक्कं झालं. तिघींशी मात्र थांबली.

"ह्या तीन मले नाही सांगता येत."

"अंदाजानं?"

"अंदाज नको, मॅडम."

प्रगतीच्या अंगात आता जीव आला होता. ती वही काढून लिहायला बसली, तर सुवर्णानं तिला थांबवलं. "माह्या बोटावर तुमचं शिक्षण ठेवू नका. मी चुकलो तं? पानात काच हाय का नाही, हे तपासता येत नाही का?"

येत होतं. पानं वाळवून भट्टीत जाळायची, राख आम्लानं धुवायची. बाकी सगळं विरघळतं, सिलिका उरते. ती तोलायची. प्रत्येक ताटाची खालची दोन पानं त्यासाठी पुरली असती. पण त्याला चार-पाच दिवस लागणार होते आणि वाटायची पानं परवाच कापायची होती.

"मंग कापू परवा," सुवर्णा म्हणाली. "सगळ्याईले नवे नंबर देऊ. कोणती कोणची, ते मागून जुळवू. माही यादी पाकिटात घालून तुमच्या मोठ्या सरकडे देऊन टाका. आकडे येईपर्यंत तुमीबी पाहू नका, मीबी नाही पाहत. माहीत असलं का हात आपोआप तिकडं झुकते."

विद्यापीठात हीच गोष्ट प्रगतीला एका अख्ख्या तासात शिकवली होती. ती उठून पाकीट आणायला गेली.

दहाव्या दिवशी सकाळी पानं कापली. एकेक पान कापायचं, ओल्या कागदात गुंडाळायचं, बर्फाच्या डब्यात टाकायचं, की दुसरं. वाटायला सुवर्णाच बसली. सकाळी आठपासून चार वाजेपर्यंत तिनं बत्तीस ताटांची पानं वाटली. मध्ये फक्त दोनदा उठली. बर्फातल्या हातांची बोटं पांढरी पडली, तेव्हा ती दोन मिनिटं पदरात गुंडाळून बसली. प्रगतीनं म्हटलं, थोडं मी वाटते. सुवर्णा म्हणाली, "हात बदलला का वाटणं बदलते. एकाच हातानं होऊ द्या."

पानांचे काही तुकडे एका औषधात भिजवून अंधारात ठेवले होते. पानात जिथं ते विष साठलेलं असतं, तिथं तपकिरी डाग पडतो. दुसऱ्या दिवशी ते तुकडे अल्कोहोलमध्ये उकळले, हिरवा रंग निघून गेला आणि डाग तेवढे उरले. काचेच्या पट्टीवर बत्तीस तुकडे ओळीनं मांडले, तर काही जवळजवळ कोरे होते, काहींवर मधमाशी बसल्याएवढे ठिपके होते, आणि काही चहा सांडल्यासारखे तपकिरी होते. दोघी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नुसत्या नंबरावरून कुणाचे कुठले, हे दोघींनाही सांगता येत नव्हतं. पाकीट सरांच्या कपाटात होतं.

पानं कापल्यापासून पाचव्या दिवशी भट्टीचं काम संपलं. प्रगतीनं सिलिकाची वजनं ओळीनं लिहून काढली, तेव्हा ती सरळ दोन गटांत पडली. मधे कुणीच नव्हतं. सुवर्णाला ज्या तीन सांगता आल्या नव्हत्या, त्याही कुठल्या ते कळलं. मग सरांनी पाकीट उघडलं. ते प्रगतीचे मार्गदर्शक, तेलुगू माणूस, मोजकं बोलणारे. एकेक नंबर ते वाचत गेले आणि प्रगती खूण करत गेली.

एकोणतीसपैकी अठ्ठावीस बरोबर निघाले.

सरांनी चष्मा काढला. "सुवर्णम्मा," ते म्हणाले, "हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही."

सुवर्णानं विचारलं, "चुकला तो नंबर कोणता?"

एकोणीस नंबर होता. ती तिथूनच जाळीत गेली. त्या ताटाला सिलिकॉन मिळालं नव्हतं, पण पान खरखरीत लागत होतं. तिनं पान उलटं करून भिंगाखाली धरलं, तर मागच्या बाजूला कोळ्यांची बारीक जाळी आणि त्यात अडकलेली धूळ. तिनं ते पुसून अंगठा फिरवला. मऊ होतं. परत येऊन तिनं ते सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर समाधान होतं. चूक का झाली ते कळलं होतं.

मग नंबर जुळवून आकडे मांडले. ज्यांना पाणी होतं त्यांच्यात फारसा फरक नव्हता. तहानलेल्यांत होता. सिलिकॉन मिळालेल्या तहानलेल्या पानांत विष मोडणारं एक एन्झाइम, कॅटलेज, दुसऱ्यांपेक्षा जवळजवळ दीडपट जोरानं काम करत होतं. पट्टीवरचे चहा सांडल्यासारखे तुकडे बहुतेक सगळे सिलिकॉन न मिळालेल्यांचे निघाले. दोन ताटं मात्र या हिशेबात बसेनात. सिलिकॉन असूनही ती जळाली होती. प्रगतीला ती दोन वगळायचा मोह झाला. तिनं सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णा भांडी धूत होती. प्रगतीनं ती दोन्ही तक्त्यात तशीच ठेवली.

सरांनी काम पाहिलं आणि सांगितलं, चांगलं आहे, पण वावटळीतून गेलेला प्रयोग आहे, पुढच्या हंगामात सगळा पुन्हा करा. प्रगतीचं तोंड उतरलं. सुवर्णाला ते रास्तच वाटलं. ती गणिताच्या पेपरालाही दुसऱ्यांदा बसली होती. या वेळी तिनं कागद-प्लास्टिकवर भरवसा ठेवला नाही. तेलाच्या जुन्या डब्यांच्या पत्र्यातून छत्तीस चकत्या कापल्या, खिळ्यानं ठोकून त्यांवर नंबर उमटवले आणि तारेनं पिशवीच्या कानाला बांधले. पिशव्याही विटांच्या चौकटीत बसवल्या. दुसऱ्या वर्षी वारा आला नाही, आणि आकडे पहिल्या वर्षीच्याच बाजूनं आले. प्रगतीचा प्रबंध झाला. त्यात काम कसं केलं या प्रकरणात तिनं वावटळीची हकीकत, अंगठा, पाकीट आणि एकोणीस नंबर, सगळं लिहिलं. आभाराच्या पानावर नाव घालून भागवलं नाही.

त्याच उन्हाळ्यात केंद्रानं तलमडुगु मंडलातल्या एका खेड्यात शेतकऱ्यांचा मेळावा घेतला. साहेब तेलुगूत बोलले. ऐकणारे बहुतेक मराठी कापूसवाले, माना हलवत होते. प्रगतीनं सुवर्णाला पुढं बोलावलं. ती कधी माणसांसमोर बोलली नव्हती. तिनं भाषण केलंच नाही. डाग पडलेल्या पानांची काचेची पट्टी हातात घेतली आणि एकेकासमोर धरत गेली.

"हे पान तहानलं आन् जळलं. हेबी तेवढंच तहानलं, पण कमी जळलं. पाणी दोघाईले सारखंच तोडलं होतं."

भारत नावाचा एक शेतकरी होता, चार एकर कापूस आणि दोन एकर ज्वारी करणारा. त्याची बायको चंदा शेजारी बसली होती. भारतनं विचारलं, "बाई, मंग आमी टाकायचं का नाही? किती टाकायचं?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. साहेबही पाहत होते. हो म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

"पिशवीत झालं ते वावरात व्हईलच असं नाही," सुवर्णा म्हणाली. "आठ तासाईले, म्हंजे आठ ओळीईले, टाकून पाहा. बाजूचे आठ तसेच सोडा. आमी येतो पानं न्याले."

भारतचा चेहरा थोडा पडला, पण चंदानं विचारलं, "माळावर टाकू का खालच्या मातीत?"

"दोन्हीकडं थोडं थोडं," सुवर्णा म्हणाली. तिला त्या बाईचं कौतुक वाटलं. हा प्रश्न प्रगतीलाही सुचला नव्हता.

हिवाळ्यात त्यांनी तसं केलं. सुवर्णा आणि प्रगती थर्मोकोलचा डबा घेऊन बसनं दोनदा तिथं गेल्या. चंदानंही अंगठा फिरवून पाहिला आणि आठपैकी पाच तास बरोबर ओळखले. निकाल आला तेव्हा खालच्या काळ्या मातीत काहीच फरक नव्हता. तिथं ओल टिकत होती, झाडाला तहानच लागली नव्हती. माळावरच्या हलक्या मातीत मात्र पानं कमी जळाली होती आणि कणसं थोडी जास्त भरली होती. फार नाही, थोडी.

केंद्राचा छापील अहवाल इंग्रजीत होता. सुवर्णानं वहीचं एक पान फाडून त्यावर मराठीत लिहून काढलं, खालच्या मातीचं वेगळं, माळाचं वेगळं, आणि 'थोडा फरक' या शब्दाखाली रेघ ओढली. चंदानं ते भारतला वाचून दाखवलं. या वर्षी त्यांनी फक्त माळाच्या तुकड्याला सिलिकॉन द्यायचं ठरवलं आहे. आणि पानं कापून या वेळी चंदाच बर्फाचा डबा घेऊन आदिलाबादला येणार आहे.